न पेरलेल्या ज्वारीचा राखणदार

आमच्या गल्लीतला लिंबाजी गप्प दिसला की समजावं, झोपलाय. असा माणूस यंदा हिवाळाभर तोंड शिवून बसला. कारण काय, तर ज्वारी राखायची होती. जी पेरलीच नव्हती.

सेलूच्या वाटेवर एक खासगी शेती कॉलेज आहे. तिथं लिंबाजी अकरा वर्षं रोजंदारीवर. योगीराज नावाच्या विद्यार्थ्याचं ज्वारीवर संशोधन चाललेलं. पेरणीचा वाफसा हुकला, प्लॉट उघडाच राहिला. त्याचे सर दत्तराव लिंबाजीला म्हणाले, तू राखण कर, बोलू नको, मार्चात तुला कायम करतो. कागदावर पीक म्हटल्यावर राखणदार लागणारच.

दर शुक्रवारी योगीराज वही घेऊन बांधावर यायचा. मामा, आता केवढी असंल? लिंबाजीची हयात ज्वारीत गेलेली. डोळे मिटून सांगायचा: गुडघ्याएवढी. मग कंबरेएवढी. मग पोटरीत आली, कणीस बाहेर पडायच्या बेतात. एवढी बिनचूक खोटी ज्वारी अख्ख्या जिल्ह्यात कुणी पिकवली नसेल.

संक्रांतीच्या सुमारास, भर दुपारी, चिमण्यांचा थवा त्या रिकाम्या रानात उतरला आणि टिपायला लागला. मातीत नव्हे, वर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. लिंबाजीनं गोफण फिरवली. रानभर सळसळ झाली. घरी सांगितलं, तर बायको बायनाबाई म्हणाली, एवढं राखताव, तर हुरडा तरी आणा. तो हसला नाही.

मार्चात तपासणीला कमिटी आली. कमिटीतल्या प्रियदर्शनी मॅडमनी वही चाळली. कापणी झाली म्हणता, मग कापल्या ताटांची धसकटं कुठं गेली? दत्तराव म्हणाले, परवाच वखरून टाकली. मॅडमनी लिंबाजीला पल्याडच्या कडेची प्लॉट-नंबराची खुंटी उपटून आणायला सांगितलं. लिंबाजी अनवाणी निघाला. कापल्या रानातून चालतात तसा, पाय उंच उचलत, जपून टाकत. कुणीतरी हसलं. मधोमध तो थांबला. टाचेतून रक्त गळत होतं. खाली मऊ माती, एक काडी नाही. दत्तराव डोळे वटारून बघत होते.

“बाई,” लिंबाजी म्हणाला, “हितं पेरलंच न्हाई. म्या सांगितलं तेच त्या पोरानं लिवलंय. आता मला भ्याव वाटायलंय.”

कायम होणं राहिलं बाजूला, रोजंदारीही गेली. संध्याकाळी बायनाबाईनं सुईनं टाच कोरली. धसकटाचं टोक निघालं. ओलं, ताज्या कापणीचं. तिनं ते चुलीत टाकलं.

त्या दिवसापासून ती हुरडा मागत नाही.