काशीला सोडलेली डाळ

झुंबरबाई भाकरी मोडण्याआधी वरणाचा एक घोट घ्यायच्या. तूर निवडताना दोन दाणे तोंडात टाकायच्या. कुणाच्या घरून फोडणीचा वास आला की थबकून डाळ कोणती ते सांगायच्या. पंगतीत वाढप्याला थांबवून द्रोण पुन्हा भरून घ्यायच्या आणि मग लाजायच्या.

मेहकरच्या त्या गल्लीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अश्विनीला हे सगळं पाठ होतं. मराठीत एम.ए. झालेली ही पोरगी आणि एकटी राहणारी ही म्हातारी यांचं मेतकूट असं, की गल्लीतल्या बाया बस ठरवून काशीला निघाल्या तेव्हा झुंबरबाईंनी हिलाच सोबत घेतलं.

काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा, अशी रीत. घाटावर सुभद्राबाईंनी फणस सोडला.

"फणस? आपल्या इकडं कवा पाह्यला व्हता वं फणस?" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तं सोडला बाई! घरी गेल्यावर आठवणार बी नाही."

सगळ्या खदखदून हसल्या. झुंबरबाई म्हणाल्या, "मंग मह्यं कारलं."

अश्विनीही हसली. पण बोलून गेली, "मावशी, जे आवडतच नाही ते सोडलं, तर देवाला दिलं काय?"

झुंबरबाईंचं हसू थांबलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं.

"डाळ सोडली."

"तुरीची?"

"समदी. ज्याची डाळ व्हते ते समदं."

अश्विनीला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला. थोडा स्वतःचाही.

घरी आल्यावर झुंबरबाईंच्या ताटात भाकरी, भाजी आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच उरलं. गळ्यात माळ, त्यामुळे अंडं नाही. दूध पचायचं नाही. वर्षभरात त्या वाळून गेल्या. टाचेच्या भेगेची जखम झाली, ती औषधांनीही भरेना. शेवटी अश्विनी त्यांना दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "आजी, जेवता काय?"

उत्तर ऐकून त्या अश्विनीकडे वळल्या. जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणाल्या. ते ज्यांपासून बनतं त्यातली काही अमायनो आम्लं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. त्यातलं लायसिन ज्वारीत कमी, शेंगदाण्यातही कमीच. डाळीत भरपूर. "भाकरीला वरणाची जोड असते ती काही उगीच नाही. यांची डाळ कुणी बंद केली?"



रिक्षात तिनं झुंबरबाईंचा हात धरला. "मावशी, मी तेव्हा बोलायला नको होतं."

"काऊन? तू खरंच बोलली व्हती."

"आता डाळ खा. पाप लागलं तर मला लागू दे."

"असं वाटून घेता येते काय वं पोरी?"

माफी मागायलाही जागा उरली नव्हती. ती रात्रभर वाचत बसली आणि सकाळीच सोयाबीनची पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेली. "मावशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ती सगळी आम्लं सोयाबीनमध्ये असतात. भिजवून नीट शिजवायचं, की झालं. अन् सोयाबीन म्हणजे काही डाळ नाही."

"देवाले फसवून राह्यली काय मले पुढं करून?"

"बाजार समितीत ते तेलबियांतच मोजतात. खोटं असलं तर विचारा."

 झुंबरबाई कित्येक दिवसांनी बारीक हसल्या. "पोत्यानं पिकते वावरात. कवा तोंडात नाही टाकलं. आण बरं ते सूप, निवडून घेते."

त्या दुपारीच त्यांना थंडी वाजून ताप भरला. जखमेतलं विष अंगात भिनलं होतं. बुलढाण्याला नेलं, पण अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. त्या परत आल्या नाहीत.

मातीला आलेल्या सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शब्द पाळला बाईनं. आपण फणस सोडून मोकळ्या झालो." चार बाया हो म्हणाल्या. अश्विनीनं मान खाली घातली. ते कौतुक तिला ऐकवेना, आणि खोडूनही काढता येईना.

सगळे गेल्यावर ती झुंबरबाईंच्या घराला कुलूप लावायला गेली. ओसरीवर सूप तसंच पडलेलं होतं. एका कडेला निवडलेल्या सोयाबीनची ओंजळभर रास होती. बाकीच्या दाण्यांत खडे, काड्या, फुटके दाणे, सगळं मिसळलेलं होतं.