गावंडे सरांची शंका

गावंडे सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या ग्रुपवर आला, तेव्हा तो खरा आहे का, हेच आधी सगळे एकमेकांना विचारत होते. शेवटी मी अकोल्याला त्यांच्या घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "खरं आहे, मॅडम..."

सर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळते. सरांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. गेल्या वर्षी कॉलेजभर वायफाय बसलं. कंपनीने दिलेल्या नकाशात सगळा परिसर हिरवा, म्हणजे कुठेच अडचण नाही. तरी ग्रंथालयामागच्या अभ्यासिकेतल्या मुली मोबाइल घेऊन बाहेर कडुनिंबाखाली उभ्या असायच्या. ऑनलाइन चाचणीत त्यातल्या दोघींचे पेपर अर्धवट गेले आणि त्यांना नापास ठरवलं. सर भडकले. "नकाशा हिरवा अन् पोरी झाडाखाली? कोनीतरी खोटं बोलून राहिलं."

मग ते ऐन गर्दीच्या वेळी मोबाइलवर सिग्नल मोजत वर्गावर्गांतून हिंडू लागले. ते दिसले की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. कोण मोबाइलवर काय पाहतं, याची खबर ते प्राचार्यांना देतात, अशी कुजबुज सुरू झाली. लोक त्यांच्यावर संशय घेत होते, आणि सर माझ्यावर.

"मॅडम, तुमच्या टेबलापाशी येवढं नेटवर्क, अन् मांगच्या खोलीत कावून नाई? वायफायचा डबा तुमीच इथं लावून घेतला का?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही, सर."

"मंग कोनं सांगतलं?"

मला ते फार लागलं. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एका दुपारी ते आले आणि मधल्या लोखंडी रॅकांच्या रांगेत थबकले. टेबलाकडे चांगला असलेला सिग्नल रॅकांपलीकडे गेलं की एकदम पडत होता. शिपायांच्या मदतीने आम्ही दोन रॅक बाजूला सरकवले, तर अभ्यासिकेत तो बराच वाढला. कंपनीने मोजणी केली होती उन्हाळ्याच्या सुटीत. पुस्तकांनी भरलेले हे रॅक त्यानंतर आले होते.

"कोनीच खोटं नोतं बोललं..." सर पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून अभ्यासिकेत वेगळा डबा बसवून घेतला आणि खोली मुलींनी भरलेली असताना पुन्हा मोजून पाहिलं. त्या दोघींची चाचणी परत झाली, दोघी पास झाल्या. माझी माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टेबलापाशी येऊन म्हणाले, "चहा घेता का, मॅडम?" सरांनी कुणाला चहा विचारल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात अकोल्याला त्यांच्या घरी गेले होते. निघताना वहिनी ऑटोपर्यंत सोडायला आल्या. दाराला कुलूप लावलं, चार पावलं चालल्या, परत फिरल्या आणि कुलूप ओढून पाहिलं.

"मले काई शंका नसते," त्या म्हणाल्या, "पन ते विचारतीन ना... पाह्यलं का म्हनून."