शुद्ध केलेली गोष्ट

मंडळी, आज आमच्या नंदुरबारच्या शाळेत लेखन महोत्सव झाला. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

मी दहावीत आहे. माझी माय पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवतात त्या मैदानात, कामाला जाते. तिच्यावर मी गोष्ट लिहिली होती. त्यात मुलगी विचारते, "माय, तुन्हा हात जयी ऱ्हायनात का?"

मराठीच्या मॅडमनी ते खोडलं. "स्टेजवर असली गावंढळ भाषा नको," म्हणाल्या आणि स्वतः लिहून दिलं, "आई, तुझ्या हातांचा दाह होत आहे का?" घरात मी असं विचारलं तर माय मलाच दवाखान्यात नेईल. तरी आज तेच वाचलं. टाळ्या कशाबशा पडल्या.

मग पुण्याचे पाहुणे लेखक उठले. त्यांच्या कथेत म्हणे आमची अहिराणी होती. दिसेल त्या वाक्याला "आहे"च्या जागी "शे" चिकटवलं, आवाज खेडवळ काढला, की झाली अहिराणी! मागची पोरं तोंड दाबून हसत होती आणि मॅडम डोळे पुसत होत्या. "काय मातीचा गंध, सर!" शाल, नारळ, फोटो.

जाताना लेखकांनी विचारलं, "मुलांनो, तुम्ही आपल्या बोलीत का लिहीत नाही?"

मॅडम म्हणाल्या, "लाज वाटते हो त्यांना!"

आत्ता शाळेच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आलाय: "कुणाकडे अहिराणीतली गोष्ट आहे का? सरांना पाठवायची आहे."

मी लिहिलं, "माझी होती मॅडम. तुम्ही शुद्ध केलीत."

लगेच उत्तर आलं, "मग परत अशुद्ध करून दे."

सांगा, देऊ?