मोडलेली ठेव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, सोसायटीतल्या मैत्रिणींना नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही — त्याला काय, ठाऊकच असणार. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

जुईनगरला मी एकटी राहते. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी शर्वरी कॉलेजात होती. मग आम्ही दोघीच. तिचं लग्न झालं, जावई निखिल नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि तिनं मागोमाग जायचं ठरलं. त्याचा पगार बेताचा. बायकोला तिकडे न्यायचं तर दोघांचं नीट भागेल हे कागदोपत्री दाखवावं लागतं. म्हणून यांच्या फंडाचे पैसे मी आम्हा दोघींच्या नावावर बँकेत ठेव म्हणून ठेवले. सही दोघींपैकी कुणाचीही चालणार होती. शर्वरी माझ्या गळ्यात पडून रडली त्या दिवशी.

व्हिसाचा अर्ज गेला. निखिल गणपतीला येऊन गेला आणि तिला दिवस गेले. घरभर बॅगा उघड्या पडलेल्या. मी मेतकूट करत होते, लोणच्याच्या बरण्या बांधत होते — आणि डोक्यात एकच, ही गेल्यावर मी कुकर कुणासाठी लावायचा? वाईट वाटत होतं म्हणू? नाही. राग येत होता. किती आनंदात होती ती!

मग वकिलातीतून निरोप आला — पैसे अजून जागेवर आहेत असं बँकेचं ताजं पत्र द्या. मी शर्वरीला म्हटलं, दिवाळे गावच्या बाजारात मासळी आणायला जाते. गेले बँकेत. ठेव मोडली, पैसे माझ्या एकटीच्या खात्यात वळवले. येताना खरंच पापलेटं आणली आणि तिला तळून वाढली.

जेवण झाल्यावर सांगितलं, कणकवलीच्या मामाचं तातडीचं ऑपरेशन निघालं, पैसे द्यावे लागले. त्याला विचारू नकोस हं, बिचाऱ्याला कमीपणा वाटेल. माझा भाऊ ठणठणीत होता. तिनं ताटं उचलली. मग म्हणाली, "जाऊ दे गं आई. मामाच्या जिवापुढे व्हिसाचं काय एवढं? तू टेन्शन नको घेऊस."

मी टेन्शन घेऊ नये — तिला माझीच काळजी!

व्हिसा नाकारला गेला. पुन्हा अर्ज करेपर्यंत तिला प्रवास झेपण्यासारखा राहिला नव्हता. सगळे म्हणाले, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं, झालं ते बरंच झालं. मीही मान डोलावली. ईरा झाली. निखिलला सुट्टी मिळेना, त्यानं लेक फोनवरच पाहिली. शर्वरी आंघोळीला जाऊन नळ सोडून रडायची. मला ऐकू यायचं. मी ईराला मांडीवर घेऊन बसून राहायचे.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे — किती आडवळणं घेतेय मी!

ईरा रांगायला लागली तेव्हा कुठे निखिलचा पगार वाढून व्हिसा मिळाला आणि दोघींना न्यायला तो आला. आम्ही विमानतळावर गेलो होतो. बाहेर येताच त्यानं ईराकडे हात पसरले. ती घाबरून किंचाळली आणि माझ्या मानेला घट्ट बिलगली. त्याचे हात तसेच राहिले. शर्वरीनं तोंड फिरवलं. आणि मला — मला आनंद झाला. ठेव मोडली ती एकटं पडायच्या भीतीनं, असं मी म्हणू शकेन. पण तो आनंद? तो कशापोटी होता?

आता तिघं तिकडे आहेत. शर्वरी मामासाठी ब्लडप्रेशर मोजायचं मशीन पाठवते, तब्येतीला जप म्हणून बजावते. ही भाची आपल्याला एवढं का जपते, ते त्याला अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, तेव्हा व्हिसा अडला ते बरंच झालं बघ. तू होतीस म्हणून निभावलं माझं."

मी "हो गं" म्हटलं. मग म्हणाले, ईराला बोलाव. ती बापाच्या मांडीवर बसली होती. तिथूनच हात हलवला तिनं.