बँकेचं मृत्युपत्र

बँकेतली माणसं रुक्ष असतात, असा एक समज आहे. पण आर्थिक संकटानंतर फ्रँकफुर्टच्या आमच्या छोट्याशा बँकेत देखरेखीचे नवेनवे नियम येत गेले आणि नियमागणिक एकेक किस्साही साठत गेला. त्यातले निम्मे आमचे बॉस हेर ब्रांट (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) यांचे.

* * *

माझं काम स्ट्रेस टेस्टचं. उद्या घरांच्या किमती कोसळल्या, कर्जं बुडाली, तर बँक तगेल का, हे आधीच तपासायचं. माझ्या लेकीला किंडरगार्टनमध्ये विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, "आई बँकेला खोटं खोटं आजारी पाडते."

ब्रांटना हे इतकं आवडलं, की तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना त्यांनी माझी ओळख तशीच करून दिली. कुणी हसलं नाही. एकाने ते लिहून मात्र घेतलं.

* * *

मग सक्तीच्या रजेचा नियम कडक झाला. वर्षातून एकदा सलग सुट्टी घ्यायची आणि तुमचं काम दुसऱ्याने बघायचं, म्हणजे काही लपवलेलं असेल तर बाहेर येतं. ब्रांट कधीच रजा घेत नसत. घ्यावी लागली, तर रोज थर्मास घेऊन ऑफिससमोर नदीकाठच्या बाकावर येऊन बसायला लागले.

शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा समीर आणि मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो. ब्रांट गुलाबांबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. निघताना हळूच विचारलं, "माझ्याशिवाय चालतंय ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, उत्तम चाललंय!" समीर म्हणाला.

त्यांचा चेहरा पडला.

* * *

पुढचा नियम आला, की बँक बुडालीच तर खातेदारांना झळ न लागता ती कशी मिटवायची, हे प्रत्येक बँकेने आधीच लिहून ठेवायचं. आम्ही त्याला मृत्युपत्रच म्हणायचो. ब्रांट याच बँकेत शिकाऊ म्हणून लागलेले. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही, स्वतःच लिहिलं. म्हणाले, परका माणूस घाईत लिहील.

* * *

ब्रांट निवृत्त झाले आणि काही वर्षांनी बँक खरंच बुडाली. शुक्रवारी निर्णय झाला. शनिवार-रविवारी त्यांच्या आराखड्याप्रमाणे सगळी खाती दुसऱ्या बँकेकडे गेली. सोमवारी दार उघडलं, कार्डं चालली, रांग नाही, गडबड नाही.

सकाळीच ब्रांट आले. काळा सूट, काळा टाय. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिले. काउंटरवरची मुलगी नवी होती, तिने त्यांना कॉफी आणून दिली. कुणाच्या अंत्यविधीला निघालात का, असं अदबीने विचारलं.

"झाला तो," ब्रांट म्हणाले. "कुणाला कळलंसुद्धा नाही. फार छान झाला."