घागरीवरचा उत्तर ध्रुव

तेरला जायचं ठरलं ते मामाच्या पोस्टकार्डामुळं. ‘पृथ्वीगोल घेऊन ताबडतोब ये, मोहतमीम येणार आहेत,’ एवढंच त्यानं आईला लिहिलं होतं. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारे निजामी साहेब. मामा तेरच्या शाळेत तीन वर्षं हंगामी मास्तर होता. साहेबांसमोर नमुना पाठ चांगला झाला तर तो कायम होणार होता, आणि कायम झाला तर परांड्याचे एक गृहस्थ त्याला आपली मुलगी देणार होते. पाठाचा विषय त्यानंच निवडला होता: उत्तर ध्रुवाचा समुद्र कसा झाला. ज्या गावात उन्हाळ्यात नदीला घोटाभर पाणी नसतं, तिथं.

ही १९४०च्या दशकातली गोष्ट. मी अकरा वर्षांची, हैदराबादच्या कॉन्व्हेंटात. आमच्या सिस्टरनी शाळेचा जुना गोल उसना दिला आणि देताना त्याच्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी नाही केली.

आई आणि मी संध्याकाळी हैदराबाद सोडलं, वाडीला गाडी बदलली, आणि सकाळी कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसलो. ती चढावर इतकी रेंगाळायची की शेंगा विकणारी बाई डब्याबरोबर चालत चालत घासाघीस पुरी करायची. वाटेत बार्शी लागते. ती तेव्हा इंग्रजांची, त्यामुळं तिथला चहावाला आमचे हाली, म्हणजे निजामी, पैसे घेईना. त्याला इंग्रजी कलदार हवे होते. दोन्ही नाणी जवळ ठेवा, असा सल्ला मी देणार होते, पण आता तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

पुढं निजामाची हद्द पुन्हा सुरू झाली आणि करोडगिरीवाले, म्हणजे जकातीचे लोक, डब्यात चढले. आईच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं गोल काहीतरी पाहून कारकुनानं ते उघडायला लावलं. यावर जकात किती लावायची हे त्याला कळेना. मग त्यानं आमची रियासत कुठं आहे ते विचारलं. मी दाखवली. ती सगळीच्या सगळी त्याच्या अंगठ्याखाली झाकली गेली. त्यानं अंगठा उचलून पाहिला, पुन्हा ठेवला, आणि उदास होऊन जकात न घेताच उतरला.

तेरला मामा स्टेशनवर बैलगाडी घेऊन उभा होता. घरी भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. गरम भाकरी आणि गार ठेचा, याच्यापुढं मला अजून कुठलं हॉटेल आवडलेलं नाही. जेवणाआधीच मामानं लुगड्यातून गोल सोडला आणि मटकन खाली बसला.

गोल ज्या दांड्यावर फिरतो, त्याच्या वरच्या टोकाला पितळी टोपी होती. रुपयाएवढी. उत्तर ध्रुवाचा जवळजवळ सगळा समुद्र त्या टोपीखाली! देवानं जिथं समुद्र ठेवला, नेमका तिथं कारखानदारानं स्क्रू पिळला होता. मामानं टोपी काढायला चाकू घेतला तेव्हा मी सिस्टरांच्या नावानं भोकाड पसरलं.

“मग नद्या शिकव की रे,” आई म्हणाली. “नद्या शिकवून लोक कायम होत नाहीत का?”

मामा ऐकून न ऐकल्यासारखा गोल घेऊन कुंभारवाड्यात गेला. मी मागोमाग.

दगडूबा कुंभार साठीचा होता. मामानं त्याच्याकडून एक गोल बुडाची घागर घेतली, पालथी घातली, आणि तिच्या बुडावर, म्हणजे ध्रुवावर, ओल्या मातीची पातळ पोळी थापली. माझ्या नकाशाच्या पुस्तकात पाहून त्यानं एका बाजूला कॅनडाचा काठ कोरला, दुसऱ्या बाजूला अलास्काचा. त्याचं म्हणणं असं, की हे दोन्ही काठ पूर्वी चिकटलेले होते आणि एकमेकांपासून सरळ मागं सरकले. पण मातीचे तुकडे सरळ ओढले की मधली फट सगळीकडं सारखी पडायची, आणि नकाशात तर समुद्र एका टोकाला निमुळता, दुसऱ्याला ऐसपैस.

दगडूबा बराच वेळ चिलीम ओढत बघत होता. मग म्हणाला, “गुरुजी, वढलं तर समदीकडं सारखं फाटतंय. ह्ये वढल्यालं न्हाय. फिरल्यालं हाय.”

“म्हणजे?”

“दारावानी. एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला उघडं. घागर एका बाजूनं उन्हात ऱ्हायली की अशीच उलतीया. हजार बाद केल्यात म्या.”

त्यानं अंगठ्यानं अलास्काचं एक टोक दाबून धरलं आणि बाकीचा तुकडा अलगद फिरवला. घागरीवर उत्तर ध्रुवाचा समुद्र उघडला. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. दगडूबानं घागर आता विकायची न्हाय का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ झाला. आई आणि मी वर्गाच्या खिडकीबाहेर. मोहतमीमसाहेब शेरवानीतले, मृदू बोलणारे. मामा उर्दूतून शिकवत होता, पोरांचे चेहरे कोरे दिसले की मराठीत सांगत होता. साहेब उठून टेबलावरच्या घागरीपाशी आले आणि त्यांनी स्वतः तो तुकडा फिरवून पाहिला. मिटवला, उघडला, पुन्हा मिटवला. आईनं माझा हात दाबला. परांड्याची भावजय घरात आलीच, असं तिला वाटलं असणार.

मग साहेबांनी विचारलं, “मास्टरसाब, किताब में क्या लिखा है?”

मामा म्हणाला, पुस्तकात जमीन खचली आणि तिथं पाणी भरलं असं आहे.

“और आप?”

“मला ती फिरली असं वाटतं.”

मुलांनी परीक्षेत काय लिहायचं, असं साहेबांनी तितक्याच मऊपणे विचारलं. खिडकीबाहेर आई ओठांतल्या ओठांत ‘खचली, खचली’ असं पुटपुटत होती. मामानं एकदा आमच्याकडं पाहिलं. “जे पटेल ते,” तो म्हणाला.

साहेबांचा शेरा दोन ओळींचा होता. मास्तर मेहनती आहेत. पुस्तकाबाहेरचं शिकवतात, आणखी एक वर्ष पाहावं.

परांड्याचं स्थळ गेलं. मामा वर्षभरानं कायम झाला, लग्नही दुसरीकडं झालं, सुखाचं झालं. आईनं मात्र जन्मभर उत्तर ध्रुवाला शिव्या घातल्या. आमच्या घरात कुणाचं काही बिनसलं की ती म्हणायची, गेला ध्रुवावर.

आज तेरला जायचं तर धाराशिवहून एसटी आहे. छोटी गाडी गेली, तिच्या जागी मोठी आली, आता शेंगा धावत्या गाडीतून घेता येत नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी जा.

पुढं बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या बर्फाखालचा तळ तपासला. अलास्काचा तुकडा कॅनडापासून बिजागरीवर फिरावा तसा फिरला आणि तिथला समुद्र उघडला, असं त्यातले बरेचजण मानतात. बाकीचे अजून भांडतात. मासिकातला तो लेख मी म्हाताऱ्या मामाला वाचून दाखवला. त्यानं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, “दगडूबाला सांगायला हवं होतं गं.”

एक गोष्ट मी त्याला तेव्हाही सांगितली नाही. त्या वर्षी सुट्टीनंतर सिस्टरनी परीक्षेत हाच प्रश्न घातला होता. मामानं पत्रातून विचारलंही होतं, आपला समुद्र आला का गं पेपरात? नाही आला, असं मी कळवलं.

आला होता. जमीन खचली, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दहापैकी दहा मिळवले.