पेकिंगच्या फोटोतला दुसरा माणूस

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी खरोखरच केलं. भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. मजुरांची एक मंडळी पाहुणी म्हणून चीनला जाणार होती आणि आमच्या फिटरांच्या टोळीतून एकाला जागा होती. शेवटी उरलो दोघं, मी आणि माझा मित्र. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले, कारखान्याजवळच्या कोहका गावात एकाच खोलीत भाड्यानं राहणारे. फोरमननं टोपीत दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि मला म्हणाला, उचल. मी उचलली. मित्राचं नाव निघालं. त्यानं मला मिठी मारली, मीही हसलो, आणि रात्रीची भाकर कुत्र्याला घातली.

महिन्याभरानं तो परतला. मग रोज संध्याकाळी खाटेवर बसून तो मला पेकिंग दाखवू लागला. लाल भिंतींचा राजवाडा, त्यावर पिवळी कौलं, एक चौक ओलांडला की पुढं दुसरा चौक. तळ्याकाठी दगडाची नाव, जी कधी हललीच नाही. रस्त्यावर सायकलीच सायकली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "आमी दोघं". हा दुसरा म्हणजे कानपूरच्या गिरणीतला एक कामगार, तिथं त्याच्या जोडीला दिलेला. दोघं मिळून सारं शहर हिंडले, जुन्या तटाच्या भिंतीवर चढले. कुणाला वाटेल, मला त्या कानपूरवाल्याचा हेवा वाटला. छे! मला मित्राच्याच जागी जायचं होतं, आणि मित्रानं इथं कोहक्यात डास मारत बसायला हवं होतं.

मी मुद्दाम विचारायचो, "भात कसा होता तिथला?"

"चिकट होता गड्या. आपल्यासारखा नाही."

तेवढंच जरा बरं वाटायचं.

त्यानं मला एक फोटो दिला. दगडाच्या नावेसमोर तो हसत उभा आहे आणि शेजारी कानपूरवाला. ऐन वेळी त्यानं मान वळवली असावी, कारण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा. अंगापिंडानं मात्र माझ्यासारखाच. फोटो मी ट्रंकेच्या तळाशी टाकून दिला.

पुढं माझं लग्न झालं. वरातीत मित्र चिनी सुती कोट घालून मिरवत होता, आणि नवरी माझी असून सासुरवाडीची माणसं त्याच्याभोवती. आठ-पंधरा दिवसांनी बायकोला ट्रंकेत तो फोटो सापडला.

"हे तं भाऊजी. लय हिंडलेले दिसतात. अन् हे बाजूचे कोण?"

'लय हिंडलेले' हे शब्द झोंबले. "मी," मी म्हणालो.

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पेकिंग तर मला पाठच होतं. राजवाडा सांगितला, कौलं सांगितली, चहा सांगितला. वर आपल्या पदरचंही घातलं, की मित्र भिंतीवर चढायला घाबरत होता, मी त्याला हात धरून वर नेलं. बायको डोळे मोठे करून ऐकत होती. इतकं कौतुकानं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

मग कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. गृहप्रवेशाला शेजारच्या चार बायका जमल्या आणि नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देईनात. आमची ट्रंक डोक्यावर घेऊन मित्र मागं उभा होता. बायकोनं पदर सावरला आणि घेतला उखाणा: "पेकिंगच्या वाड्यावर पिवळी पिवळी कौलं," पुढं माझं नाव, "अन् त्यांच्या मागं पडली माझी क्वार्टरात पावलं."

"पेकिंग काय असते वं?" एकीनं विचारलं.

"चीनचं शहर. हे गेले होते ना भाऊजीसंगं. भाऊजी भिंतीवर चढाले भेत होते म्हणे. विचारा त्याईलेच!"

सगळ्या वळून मित्राकडे पाहू लागल्या. त्यानं ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"भेत होतो ना, वहिनी," तो म्हणाला. "यानं हात धरला म्हणून चढलो."

खरं तर मी त्याचे पाय धरायला हवे होते. पण मी आणखीच जळलो. आपलं अर्धं पेकिंग तो चिवड्यासारखं वाटून टाकत होता, आणि माझ्याकडे वाटायला काही नव्हतं.

पुढं चीनशी लढाई पेटली. चीनला कोण कोण जाऊन आलं, याची चौकशी करायला दोन साहेब आले. उखाणा सेक्टरभर झालेला, म्हणून मलाही बोलावलं. मित्र बाकावर बसला होता. टेबलावर त्याच फोटोची त्याच्याकडची प्रत.

"यह दूसरा आदमी तुम हो?"

"नहीं साहब. मैं कभी गया ही नहीं. औरतों में मज़ाक चलता था."

इतकं पुरेसं होतं. साहेबांनी हात हलवून जायलाही सांगितलं. दारापर्यंत गेलेला मी वळलो आणि म्हणालो, "वहाँ की तारीफ़ यही करता था, साहब. रोज़ शाम को."

हे कुणी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांची मळमळ होती, ती तिथं ओकलो. मित्र खाली मान घालून आपल्या बुटांकडे पाहत राहिला. त्याची चार्जमनची बढती अगदी हाताशी आली होती. ती अडकली ती अडकलीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर यायचा धीर होईना. बायकोनं घाबऱ्या घाबऱ्या त्याच्यापुढं चहा ठेवला.

"भाऊजी, यायले तं काही नाही ना होणार? हे बी होते ना तुमच्यासंगं."

"नाही वहिनी. हा आलाच नव्हता. याले काहीच होत नाही."

मग तिनं विचारलं, "मंग भिंतीवर तुमचा हात कोणं धरला?"

"कोणीच नाही, वहिनी," तो म्हणाला, आणि चहा संपवून निघून गेला.